न पुसलेले स्वर

पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण शब्दांची येते. 'सोनाटा' या शब्दाला आपल्याकडे प्रतिशब्द नाही. बंदिश म्हणावे तर ती त्याहून फार मोठी. राग म्हणावे तर त्यात कलावंताला विस्ताराचे जे स्वातंत्र्य असते ते येथे नाही, कारण प्रत्येक स्वर रचनाकाराने लिहूनच ठेवलेला. तेव्हा सोनाटाला सोनाटाच म्हणावे आणि पुढे जावे, हे बरे. आम्हा गोव्यातल्या माणसांना या संगीताचा कान तसा पूर्वापार आहे. चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत, आणि संध्याकाळच्या वेळी ते स्वर कुंपणाची तमा न बाळगता आमच्या तुळशीवृंदावनापर्यंत येत. पण एकट्या पियानोवर वाजणारी, अर्ध्या-पाऊण तासाची गंभीर रचना मात्र माझ्यासारख्याला भेटली ती तबकड्यांमधूनच. त्या तबकड्यांपैकी ज्यांनी मला सर्वाधिक काळ सोबत केली, त्यांच्याविषयी येथे लिहायचे आहे. आर्टुर श्नाबेल या पियानोवादकाने १९३२ ते १९३५ या वर्षांत लंडनमध्ये बेथोव्हेनच्या बत्तीसही सोनाटा मुद्रित केल्या. साऱ्या सोनाटा एकाच वादकाने तबकड्यांवर आणण्याचा जगातला तो पहिला प्रसंग.

बेथोव्हेनने या बत्तीस रचना साधारण १७९५ ते १८२२ या काळात पूर्ण केल्या. पहिल्या तीन लिहिल्या तेव्हा तो पंचविशीचा, व्हिएन्नात नाव मिळवू पाहणारा तरुण वादक होता. शेवटची लिहिली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला, जवळजवळ पूर्ण बहिरा आणि एकाकी गृहस्थ होता. सिंफनीला मोठा वाद्यवृंद लागतो, ऑपेराला रंगमंच लागतो; सोनाटाला एक माणूस आणि एक वाद्य पुरते. म्हणून मनात जे जे नवे आले ते त्याने आधी बहुधा येथेच करून पाहिले. या रचना क्रमाने ऐकणे म्हणजे एका माणसाची सत्तावीस वर्षांची रोजनिशी वाचण्यासारखे आहे. त्यात विनोद आहे, संताप आहे, कंटाळवाणे वाटावेत असे क्वचित काही क्षणही आहेत. आणि शेवटी शेवटी असे काही आहे की ज्याला नाव देण्याचा प्रयत्न शहाण्या माणसाने करू नये.

श्नाबेलचा जन्म १८८२ सालचा, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका खेड्यातला. आज तो भाग पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. मुलाचे बोट विलक्षण आहे हे लक्षात येताच कुटुंब व्हिएन्नाला आले आणि मुलगा लेशेतित्स्की या त्या काळच्या सर्वात नामांकित गुरूकडे शिकू लागला. या गुरूने त्याला सांगितलेले एक वाक्य पाश्चात्त्य संगीतविश्वात दंतकथेसारखे झाले आहे. तू पियानोवादक कधी होणार नाहीस, तू संगीतकार आहेस, अशा अर्थाचे ते वाक्य होते. ज्याच्या वर्गातून बोटांची आतषबाजी करणारे वादक बाहेर पडत, त्या गुरूने या एका मुलाला मात्र शूबर्टच्या, त्या काळी फारसे कोणी वाजवीत नसलेल्या, सोनाटांकडे वळवले. गुरूची दृष्टी म्हणतात ती ही. पुढे श्नाबेल बर्लिनला स्थायिक झाला, तेथील संगीत विद्यालयात शिकवू लागला. बेथोव्हेनच्या सोनाटांची त्याने टीपांसह आवृत्ती संपादित केली. १९२७ साली, बेथोव्हेनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्याने बर्लिनमध्ये सात मैफलींत बत्तीसही सोनाटा वाजवल्या. म्हणजे तबकड्यांचा प्रश्न आला तेव्हा या विषयातला अधिकार त्याच्याकडे होता आणि व्यासंगही होता. नव्हती ती फक्त इच्छा.

यांत्रिक पियानोसाठी छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्या त्याने पूर्वी करून दिल्या होत्या; परंतु ग्रामोफोनला तो वर्षानुवर्षे नकार देत आला होता. त्याची कारणे विचार करण्याजोगी आहेत. वादन ही क्षणात जन्मून क्षणात संपणारी गोष्ट आहे आणि उद्याचे वादन आजच्यासारखे नसावे हाच तिचा धर्म आहे, असे तो मानी. आजचे वादन मेणात कोरून ठेवले की ते बदलणार नाही. मग वादक पुढे गेला तरी तबकडी तेथेच थांबलेली. दुसरे कारण श्रोत्यांविषयीचे. मैफलीला आलेला माणूस वेळ काढून, मन तयार करून येतो. तबकडी लावणारा काय करीत असताना ऐकत असेल याची वादकाला कल्पनाही नसते. श्रेष्ठ संगीत हे त्याच्या कोणत्याही वादनाहून श्रेष्ठच राहते, अशी त्याची धारणा होती. ज्याची अशी धारणा असेल त्याने आपलेच एक वादन कायमचे म्हणून जगापुढे कसे ठेवावे?

ही भूमिका आपल्याला परकी वाटू नये. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ सालापर्यंत हयात होते. तोवर ग्रामोफोन गावोगाव पोचला होता आणि त्यांच्या शिष्यांच्या तबकड्याही निघाल्या होत्या. खाँसाहेबांनी स्वतःचा आवाज मात्र तबकडीवर येऊ दिला नाही. आज त्यांचे गाणे आपल्याला त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांतून ओळखावे लागते. त्या शिष्यांतल्या अग्रणी केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातील केरी गावच्या. त्यांनी तबकड्या दिल्या, आणि त्यातली भैरवीची साडेतीन मिनिटांची एक तबकडी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांसोबतच्या सोनेरी ध्वनिमुद्रिकेवर चढून सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच मुद्रिकेवर बेथोव्हेनही आहे. गुरूंनी नाकारले आणि शिष्येने स्वीकारले. दोघांपैकी कोणाचे बरोबर, असा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु खाँसाहेबांचे अर्धा तासाचे जरी ध्वनिमुद्रण असते तर आपण काय दिले नसते, हा विचार मनात येतोच. श्नाबेलने नकार शेवटपर्यंत टिकवला असता तर युरोपातले रसिकही त्याच्याविषयी असेच हळहळले असते.

नकार मोडून काढण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो फ्रेड गैसबर्ग. हे नाव भारतीय संगीताच्या अभ्यासकांना ठाऊक असते. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित करणारा, भारतातील ग्रामोफोनचा आरंभ करणारा तो हाच माणूस. त्या वेळी कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि परदेशी कारखान्यातल्या माणसांना तबकडी ओळखता यावी म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत. त्यानंतर तीस वर्षांनी, विद्युत ध्वनिमुद्रण रुळल्यावर, याच गैसबर्गने श्नाबेलचे मन वळवले. पियानोसारखे वाद्य कर्ण्याच्या काळात पेटाऱ्यात कोंडल्यासारखे ऐकू येई. मायक्रोफोन आल्यावर त्याचा मंद्र सप्तक भरदार उमटू लागला. श्नाबेलची एक हरकत तरी तंत्रज्ञानाने दूर केली होती.

खर्चाचा प्रश्न उरला. १९३१-३२ ही जागतिक मंदीची वर्षे. बत्तीस सोनाटांच्या जड आणि महाग तबकड्या कोण घेणार? तेव्हा 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीने ग्रंथप्रकाशनातली जुनी युक्ती केली. 'बेथोव्हेन सोनाटा सोसायटी' नावाने वर्गणीदार नोंदवले, त्यांच्या आगाऊ पैशांवर मुद्रण करायचे आणि खंडाखंडाने तबकड्या घरपोच द्यायच्या असे ठरवले. आपल्याकडे ज्ञानकोशकार केतकरांनी भागभांडवल आणि वर्गणीदार यांच्या बळावर केवढे काम उभे केले हे आठवावे, म्हणजे या योजनेचे मर्म लगेच कळेल. मोठी कामे पुष्कळदा अशा थोड्या, निष्ठावंत आणि अनाम वर्गणीदारांच्या जोरावर उभी राहतात. सोसायटीच्या पहिल्या खंडात ओपस ७८, ओपस ९० आणि ओपस १११ या तीन सोनाटा होत्या. तिन्ही दोन-दोनच भागांच्या. नावाजलेली, टाळ्याखाऊ अशी एकही रचना त्यांत नव्हती, हे वर्गणीदारांच्या अभिरुचीविषयी बरेच सांगून जाते.

१९३२ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोडवरील नव्या ध्वनिमुद्रणगृहात काम सुरू झाले. ती वास्तू उघडून जेमतेम दोन महिने झाले होते. तेथे काम कसे चाले ते समजून घेतल्याखेरीज या तबकड्यांचे मोल कळत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावे. सुई फिरत्या मेणात खोबण कोरीत जाई. चुंबकीय फीत अद्याप प्रचारात आलेली नव्हती. त्यामुळे एखादा चुकलेला स्वर कापून तेथे दुसरा जोडणे शक्य नव्हते. चूक झाली तर दोनच मार्ग असत. ती संपूर्ण बाजू पहिल्यापासून पुन्हा वाजवायची, किंवा चूक तशीच राहू द्यायची. आणि पुन्हा वाजवताना तो एक स्वर बरोबर आला तरी आधीच्या वेळी साधलेला श्वास, तो ओघ पुन्हा साधेलच याची हमी नसे. त्यातून अठरा मिनिटांचा संथ भाग असेल तर त्याचे चार-पाच तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यापाशी थांबायचे, लाल दिव्याची वाट पाहायची आणि जणू मध्ये काही घडलेच नाही अशा समाधीत पुढचा स्वर लावायचा. समोर श्रोता नाही, काचेपलीकडे तंत्रज्ञ. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या, चाळीस वर्षे जिवंत श्रोत्यांसमोर वाजवलेल्या वादकाला हे छळासारखे वाटले. त्या दिवसांविषयी त्याने पुढे बोलताना-लिहिताना यातनांचीच भाषा वापरली आहे.

हे काम चालू असतानाच त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. १९३२-३३ च्या हंगामात तो बर्लिनमध्ये पुन्हा एकदा बत्तीस सोनाटांची मालिका वाजवीत होता. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. नभोवाणीवरून होणारे या मैफलींचे प्रक्षेपण थांबवण्यात आले. मालिका पुरी करून त्याच वसंतात श्नाबेलने जर्मनी सोडली. ज्या शहरात त्याने तीस वर्षांहून अधिक काळ घालवला होता, जेथे बेथोव्हेन म्हणजे काय हे तो एका पिढीला शिकवीत होता, तेथे बेथोव्हेन वाजवायला तो आता अपात्र ठरला होता. कारण एवढेच की तो ज्यू होता. या तबकड्यांचा पूर्वार्ध बर्लिनमध्ये घर असलेल्या माणसाने वाजवला आहे आणि उत्तरार्ध घर गमावलेल्या माणसाने. ऐकताना हा फरक कानांना जाणवतो असा दावा मी करणार नाही; तसे म्हणणे म्हणजे माहीत असलेली गोष्ट स्वरांवर लादणे होईल. मला आश्चर्य वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. फरक जाणवत नाही, याचे. काम जेथे थांबले होते तेथूनच, त्याच निष्ठेने पुढे चालू राहिले.

आता या संचातल्या सर्वात वादग्रस्त तबकडीकडे वळू. ओपस १०६ ही सोनाटा 'हामरक्लाव्हिअर' या नावाने ओळखली जाते. बेथोव्हेनने ती १८१७-१८ मध्ये लिहिली. ती वाजवणे इतके कठीण की सार्वजनिक मैफलीत ती प्रथम ऐकवली ती लिस्ट याने, १८३६ साली पॅरिसमध्ये. म्हणजे बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. बत्तीस सोनाटांपैकी केवळ या एकीला बेथोव्हेनने मेट्रोनोम या लयमापक यंत्राचे आकडे लिहून दिले आहेत, आणि पहिल्या भागाचा आकडा आहे १३८. ही लय बहुतेक वादकांना अशक्यप्राय वाटते. यंत्र बिघडलेले असेल, आकडा लिहिताना गफलत झाली असेल, बहिऱ्या माणसाला मनातली लय नेहमीच जलद वाटते, असे नाना तर्क लढवून पुष्कळांनी हा भाग दहा-बारा मिनिटांपर्यंत सैल केला. श्नाबेलने असा कोणताही तर्क लढवला नाही. लिहिले आहे ते लिहिणाऱ्याच्या मनात होते, असे धरून तो त्या लयीला भिडला. १९३५ साली मुद्रित झालेल्या त्या तबकड्यांवर हा भाग नऊ मिनिटांच्या आत संपतो. बोटे मागे पडतात, स्वर निसटतात, काही ठिकाणी नुसती झुंबड ऐकू येते. संगीत न जाणणाऱ्यालाही कळावे की येथे काहीतरी चुकते आहे.

मी शासकीय सेवेत असताना नोंदवह्यांच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळला जाई. चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नाही, त्यावर पांढरा लेप द्यायचा नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालची अक्षरे वाचता येतील अशी ठेवायची, शेजारी दुरुस्ती लिहायची आणि लघुस्वाक्षरी करायची. नव्याने लागलेल्या कारकुनांना हा नियम जाचक वाटे. पान घाण दिसते, अशी त्यांची तक्रार असे. पण ज्या वहीत एकही खाडाखोड नाही ती पाहून जुने तपासनीस संशयाने चष्मा सावरीत. स्वच्छ पान नंतर सावकाश बसून लिहिलेले असू शकते. खाडाखोडीच्या पानाला मात्र त्या त्या दिवसाचा घाम लागलेला असतो. श्नाबेलच्या ओपस १०६ चे पान असे आहे. आज फीत कापून, संगणकावर एकेक स्वर निवडून केलेली निर्दोष मुद्रणे विपुल आहेत, आणि त्यांतली कित्येक मला प्रियही आहेत. परंतु त्यांत ऐकू येणारे वादन कोणत्याही एका दिवशी, कोणत्याही एका माणसाने तसे सलग वाजवलेले असतेच असे नाही. श्नाबेलचे प्रत्येक चार मिनिटांचे पान हे त्या चार मिनिटांचे खरे पान आहे.

याला एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पाश्चात्त्य संगीत शिकवणारे एक स्नेही मला नेहमी म्हणतात, "चूक ती चूक. तुम्ही जुन्या तबकड्यांचे लोक चुकांनाही हळदकुंकू वाहता. तुमच्या गवयाचा सूर लागला नाही तर त्याला तुम्ही प्रामाणिकपणा म्हणाल का?" त्यांचे म्हणणे खरे आहे. बेसूर गाणे प्रामाणिक असले तरी बेसूरच. श्नाबेललाही आपल्या चुकांचे कौतुक नव्हते. ज्याने आपल्या आवृत्तीत कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवावा हे शेकडो पानांवर बारकाईने लिहिले, तो निष्काळजी असणे शक्य नाही. माझे म्हणणे इतकेच की चुका दोन प्रकारच्या असतात. एक, तयारी नसल्यामुळे होणारी. दुसरी, आवाक्याबाहेरचे काही गाठायला गेल्यामुळे होणारी. लय थोडी उतरवली असती तर त्या बोटांना प्रत्येक स्वर सहज साधला असता. निर्दोष दिसण्याचा मार्ग समोर मोकळा असताना तो त्याने घेतला नाही. बेथोव्हेनने जे मागितले ते कमी करून देण्यापेक्षा, ते देताना आपण उणे पडलेलो दिसू, हे त्याने पत्करले. माझ्या स्नेह्यांना हे पटत नाही. आमचा वाद गेली अनेक वर्षे चालू आहे, आणि तो मिटावा असे दोघांनाही वाटत नसावे.

पण केवळ चुकांवरून या माणसाची ओळख करून देणे अन्यायाचे होईल. त्याच सोनाटाचा तिसरा भाग ऐकावा. हा संथ भाग त्याच्या हातून सतरा-अठरा मिनिटे चालतो. या भागाच्या आरंभाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बेथोव्हेनने हस्तलिखित लंडनमधील प्रकाशनासाठी आपला जुना शिष्य रीस याच्याकडे पाठवून दिले होते. त्यानंतर, १८१९ साली, त्याने कळवले की संथ भागाच्या आधी आणखी दोन स्वर घालावेत. एवढ्या अवाढव्य रचनेत दोन स्वरांची भर ती काय, असे रीसला वाटले. पण वाजवून पाहताच त्या दोन पायऱ्यांवाचून त्या दालनात उतरताच येत नाही हे त्याला कळले. रचनाकारालाही आपली रचना पूर्ण झाली असे हस्तलिखित पाठवताना वाटले नव्हते तर! श्नाबेल ते दोन स्वर इतके सावकाश, इतके निरिच्छपणे ठेवतो की पुढे काय येणार आहे याचा बोभाटा होत नाही. मग शोक सुरू होतो, पण तो विव्हळत नाही. तबकडीची बाजू संपते तेथे जुन्या मुद्रणात एक विराम असे. नव्या प्रतींत तो जोड बेमालूम मिटवला आहे. तरी नीट ऐकले तर खरखरीचा पोत तेथे किंचित बदलतो. त्या पलीकडच्या स्वरासाठी त्या माणसाला शोक मध्येच थांबवून लाल दिव्याची वाट पाहावी लागली होती. शोक मात्र तुटलेला नाही.

शेवटच्या सोनाटाचा, ओपस १११ चा, दुसरा भाग हाही असाच. साध्या, जवळजवळ बाळबोध अशा एका धूनेवर एकामागून एक विस्तार येत जातात, लय आतल्या आत दुप्पट-चौपट होत जाते आणि मग सगळे विरळ होऊन वरच्या सप्तकात केवळ कंप पावणारे स्वर उरतात. ते स्वर लिहिणाऱ्याने ते कानांनी ऐकले नव्हते. अलीकडे मला या गोष्टीचा विचार वरचेवर येतो, त्याला घरगुती कारण आहे. मागील वर्षी मी श्रवणतपासणी करून घेतली. डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ येत येत उजवीकडे उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. वयोमानाप्रमाणे आहे, ते म्हणाले, उंच कंपनांचे आवाज आधी जातात. तेव्हापासून रातकिडे आमच्या बागेतून निघून गेलेले नाहीत, ते फक्त माझ्यापुरते गप्प झाले आहेत, हे मला समजले. नवी, झळझळीत ध्वनिमुद्रणे ऐकताना त्यातले काहीतरी आपल्याला मिळत नाही ही जाणीव आता सुटत नाही. श्नाबेलच्या तबकड्यांचे तसे होत नाही. त्या काळच्या यंत्रांना सेकंदाला सात-आठ हजार कंपनांपलीकडचे फारसे टिपताच येत नव्हते. माझे कान आणि ते यंत्र यांच्या उणिवा बऱ्याच अंशी जुळतात. त्याच्या तबकड्यांत जे आहे ते जवळजवळ सगळे अजून मला ऐकू येते. या उतारावर अजून किती काळ ते येत राहील हे त्या आलेखात लिहिलेले नाही. म्हणून हल्ली मी उद्यावर टाकत नाही.

श्नाबेल पुढे काही वर्षे इटलीतील कोमो सरोवराकाठी राहिला आणि १९३९ साली अमेरिकेत गेला. त्याची वृद्ध आई व्हिएन्नात मागे राहिली होती. १९४२ साली तिला टेरेझियेनश्टाटच्या छळछावणीत नेण्यात आले. तेथेच तिचा अंत झाला. वय ऐंशीच्या पुढे. युद्ध संपल्यावर श्नाबेल युरोपात परतला, वाजवू लागला, पण जर्मनी आणि ऑस्ट्रियात त्याने पुन्हा कधी मैफल केली नाही. १९५१ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याचे निधन झाले. ज्या संगीताला त्या दोन देशांनी आपली मिरास म्हटले, ते सांभाळण्याचे काम त्या दोन देशांनी हाकलून दिलेल्या माणसाच्या हातून झाले, याहून अधिक भाष्य या विषयावर करण्याची गरज नाही.

त्याच १९४२ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये ओपस १०९ आणि ओपस १११ पुन्हा मुद्रित केल्या. ती मुद्रणे त्याच्या हयातीत बाजारात आली नाहीत, पण मला त्यांचे अस्तित्वच महत्त्वाचे वाटते. दहा वर्षांपूर्वी ज्याला भीती वाटत होती की तबकडी वादनाला गोठवून टाकील, त्याने तीच रचना पुन्हा हाती घेतली आणि वेगळी वाजवली. तबकडीने त्याचे वादन गोठवले नव्हते. ते एका दिवसाचे वादन म्हणून जपले होते, आणि दुसऱ्या दिवसासाठी वादक मोकळाच राहिला होता. श्नाबेलचा आक्षेप खरा होता, पण त्याचे उत्तर त्याच्याच हातून घडले. त्यानंतर बाखाऊस, केम्फ, ब्रेंडेल अशा किती तरी थोर वादकांनी बत्तीसही सोनाटा मुद्रित केल्या, काहींनी दोनदा-तीनदा केल्या. त्यांतली प्रत्येक मालिका वेगळी आहे. पहिल्याने वाट घातली म्हणून ती वाट अखेरची ठरली नाही, हे त्याला आवडलेच असते.

ज्यांना हे वादन ऐकण्याची इच्छा होईल त्यांच्यासाठी शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पूर्वी हा संच मिळवायला परदेशस्थ नातलगांना गळ घालावी लागे. आज तो सहज ऐकायला मिळतो. आरंभ 'हामरक्लाव्हिअर'ने करू नये, आणि नावाजलेल्या 'मूनलाइट'नेही नको. ते नाव बेथोव्हेनचे नव्हेच, त्याच्या मृत्यूनंतर एका समीक्षकामुळे चिकटलेले आहे. ओपस ७८ घ्यावी, वर्गणीदारांच्या हाती आलेल्या पहिल्या खंडातली. दहा-अकरा मिनिटांची छोटी रचना आहे. सुरुवातीला खरखर ऐकू येईल. तिच्याकडे लक्ष देऊ नये. जुन्या घराच्या दाराचा आवाज जसा दोन दिवसांत कानाआड होतो तशी तीही होते. पहिल्या चार संथ मात्रांतच एक माणूस आपल्याशी बोलू लागतो. तो काय म्हणतो ते एका बैठकीत समजले नाही तरी चालेल. पुन्हा लावावी.